मंडळीचं मत एकच असायला हवं का?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या बाई नागपूरच्या उत्तर भागात राहतात, पन्नाशीला आल्या आहेत, शिक्षिका आहेत. चार पिढ्यांचं ख्रिस्ती घर. मंडळीच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या समुदायाच्या, पास्टरेट कमिटीवर (कारभार बघणाऱ्या समितीवर) त्या निवडून आल्या आहेत आणि त्यांचे मोठे दीरही कमिटीवर आहेत. महापालिकेच्या निवडणुकीच्या तोंडावर एका उमेदवाराच्या माणसांनी चर्चच्या आवारात गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक, बसवून द्यायची तयारी दाखवली. बदल्यात रविवारी उपासना संपल्यावर उमेदवार 'फक्त दोन शब्द' बोलणार होता. बाईंनी विरोध केला. दीर म्हणाले, आपण मूठभर माणसं, सत्तेशी वाकडं घेऊन परवडत नाही, आणि त्यांनी बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय उघडून दाखवला: अधिकाऱ्यांच्या अधीन असावं. बाईंचा बावीस वर्षांचा मुलगा दुसऱ्या टोकाला गेला. त्याचं म्हणणं, काऊन भ्यायचं, मंडळीनं बॅनर घेऊन संविधान चौकात उतरावं. त्यानं प्रेषितांची कृत्ये ५:२९ दाखवलं: माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. विषय तहकूब झाला, निवडणूकही होऊन गेली, पण दोन घरांतलं बोलणं अजून बंद आहे. मधल्या एका रविवारी मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी करायची, प्रार्थना बाईंकडे होती. 'आमच्या नेत्यांना सुबुद्धी दे' असं त्या म्हणाल्या आणि उजवीकडच्या बाकांवरून आमेन आलंच नाही. त्या विचारतात: ख्रिस्ती माणसानं मत कोणाला द्यावं? मंडळीनं एकमुखानं भूमिका घ्यावी, की राजकारण फाटकाबाहेर ठेवावं? एवढ्या मोठ्या देशात आमच्या मतांना किंमत ती काय? आणि मी कमिटीचा राजीनामा द्यावा का?

ताई, सलाम.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही, हे आधीच सांगून टाकते. मत कोणाला द्यावं हे सांगण्याचा अधिकार मला नाही, तुमच्या पाळकसाहेबांना नाही, आणि दीर मोठे असले तरी त्यांनाही नाही. मतदान केंद्रातल्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे एका वेळी एकच माणूस जातो, तो त्यासाठीच. पण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, तिच्याबद्दल बोलायला हवं. सगळ्या ख्रिस्ती माणसांचं हित एक, म्हणून त्यांचं मत एक, आणि ते एक झालं नाही तर कुणीतरी विश्वासात कमी पडलं, असं तुम्ही धरून चालला आहात. गंमत म्हणजे तुम्ही, दीर आणि मुलगा एवढे भांडलात, पण हे गृहीतक तिघांनाही मान्य आहे. भांडण फक्त ते एक मत कुठलं, यावर आहे.

येत्या रविवारी बाकांकडे जरा नीट बघा. नागपूरच्या बहुतेक मंडळ्यांत दिसतात तशी माणसं तुमच्याकडेही असतील: रेल्वेतून निवृत्त झालेले काका, केरळहून येऊन इथेच स्थायिक झालेल्या नर्स, छत्तीसगडमधल्या जशपूरकडून कामासाठी आलेल्या उरांव आदिवासी मुली, ज्यांचे पणजोबा मिशनच्या शाळेत शिकले अशी जुनी मराठी घरं, आणि अलीकडे बाप्तिस्मा घेतलेली कुटुंबं. या सगळ्यांना सरकारकडून हवं ते एकच आहे का? अनुसूचित जातींचंच घ्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं हा दर्जा हिंदू दलितांपुरता ठेवला. त्यात १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित आजही बाहेर आहेत. म्हणजे एकाच वस्तीतल्या दोन सख्ख्या चुलत घरांपैकी दीक्षाभूमीवर गेलेल्या घराला जे मिळतं, ते चर्चमध्ये आलेल्या घराला मिळत नाही. त्या घराला मत देताना हा प्रश्न पहिला वाटणार. नर्सबाईंना रात्रपाळीहून परत येताना रस्त्यावर दिवे हवेत. उरांव मुलीचं नाव इथल्या मतदारयादीतच नसेल, तिचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. आणि जुन्या घरांतल्या काहींना करांची आणि फ्लॅटच्या रजिस्ट्रीची काळजी अधिक, हेही खोटं नाही. ही माणसं चार वेगवेगळ्या चिन्हांकडे वळली तर त्यात प्रभूशी बेइमानी कुठे झाली?

शिवाय महापालिकेपुरतं बोलायचं, तर २०१७ पासून नागपुरातले बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आहेत. एका मतदाराला चार बटणं दाबायची असतात. एकच बाई चार वेगळ्या विचारांच्या माणसांना निवडू शकते आणि तसं करणारे पुष्कळ असतात. जिथे एका माणसाचंही मत एक असावं लागत नाही, तिथे आख्ख्या मंडळीचं एक असावं हा हट्ट कशाला?

आता किमतीचा प्रश्न. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक १० लाख ८० हजारांच्या आसपास होते, म्हणजे शंभरात एकही पुरा नाही. देशात हे प्रमाण २.३ टक्के होतं. दीर 'मूठभर' म्हणतात ते आकड्यांनी खरंच आहे. पण त्यावरून ते जो निष्कर्ष काढतात, की मूठ आवळून एकालाच द्यावी म्हणजे भाव येईल, तो मला पटत नाही. आपल्याकडे संत्र्याचा बहार व्यापारी उक्ता घेतो तसं हे आहे. सौदा बागेचा होतो, फळाकडे कुणी बघत नाही, आणि मधल्या दलालाचं तेवढं भलं होतं. एकगठ्ठा मताचा सौदाही मंडळीशी होत नाही, मंडळीतल्या दोन-तीन माणसांशी होतो. तुमच्या आवारातल्या गट्टूंचा प्रस्ताव नेमका तसाच आला होता. उमेदवारानं कुणाला विचारलं का, की तुमच्या गल्लीत गडरलाइन तुंबते का, म्हाताऱ्यांची पेन्शन वेळेवर येते का? आवार किती फूट आहे तेवढं त्याच्या माणसांनी मोजून नेलं असणार.

आणि हा मार्ग आपल्या वाडवडिलांसमोर उघडा होता, तो त्यांनी विचार करून सोडला, हे आपण विसरतो. इंग्रजांच्या काळात भारतीय ख्रिस्ती समाजासाठी काही प्रांतांत स्वतंत्र मतदारसंघ होते. घटना लिहिली जात होती तेव्हा धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा ठेवाव्यात का, यावर मोठी चर्चा झाली. संविधान सभेचे उपाध्यक्ष आणि अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती गृहस्थ होते. जेसुइट धर्मगुरू जेरोम डिसूझा सभेत होते. राजकुमारी अमृत कौर होत्या, आणि त्या निवडून गेल्या होत्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून, म्हणजे नागपूर ज्याची राजधानी होती त्या प्रांतातून. या मंडळींनी राखीव जागांचा आग्रह धरला नाही. मे १९४९ मध्ये त्या जागा रद्द करण्याचा निर्णय झाला, तो त्यांच्या पाठिंब्यानं. सोपं नव्हतं ते. फाळणीचं रक्त अजून वाळलं नव्हतं. तरी त्यांनी ठरवलं, की आम्ही वेगळा खण मागणार नाही, सगळ्यांच्या यादीत नाव घालू आणि शेजाऱ्यांबरोबर रांगेत उभं राहू. त्याच घटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क आहे. जागा सोडल्या, हक्क लिहून घेतला. मला विचाराल तर हा व्यवहार शहाणपणाचा होता. तुम्ही कमिटीत नाही म्हणालात तेव्हा कळत-नकळत त्याच बाजूला उभ्या राहिलात.

दिरांनी उघडलेला तेरावा अध्याय मात्र असा बाजूला सारता येणार नाही. अधिकाऱ्यांच्या अधीन असावं, कर द्यावा, मान द्यावा, हे प्रेषित पौलानं लिहिलंच आहे. पण तो लिहिणारा कोण, तेही दिरांनी आठवावं. रोमकरांस पत्र लिहिण्याआधी काही वर्षं फिलिप्पै गावात पौलाला आणि सीलाला चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं होतं. सकाळी अधिकाऱ्यांनी चोपदारांबरोबर निरोप धाडला: सोडून द्या त्यांना. दुसरा कुणी असता तर मुकाट निघाला असता. पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, आम्हाला उघडपणे मारलं, आणि आता गुपचूप घालवून देता? ते चालणार नाही, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. आणि अधिकाऱ्यांना यावं लागलं. पुढे कैसरिया शहरात त्यानं थेट कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. अधीन राहा म्हणणारा हा माणूस आपलं नागरिकत्व खिशात ठेवून फिरत नव्हता, वेळ आली की काढून दाखवत होता.

आणि पौलाला राजा निवडायचा नव्हता. आपल्याला आहे. आपल्या घटनेची सुरुवात 'आम्ही, भारताचे लोक' अशी होते. सत्ता त्या 'आम्ही'मधून येते आणि त्यात तुम्ही, दीर, मुलगा आणि उजवीकडचे बाकवाले सगळे आलात. तेव्हा अधिकाऱ्याला मान द्यायचा म्हणजे प्रश्न विचारायचे नाहीत, असा अर्थ इथे निघत नाही. नगरसेवकाला पत्र लिहिणं, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकणं, मतदारयादीत नाव तपासणं, हेही तेराव्या अध्यायात बसतं. मुलाच्या ५:२९ बद्दल एवढंच सांगेन, की येशूचा शिष्य पेत्र यानं ते वाक्य उच्चारलं तेव्हा त्याला आणि त्याच्या सोबत्यांना येशूविषयी बोलूच नका असं बजावलं होतं. विश्वासावरच हात पडला तर ते वाक्य वापरायचं. नावडता उमेदवार निवडून आला म्हणून ते काढायचं नसतं.

आता दिरांच्या भीतीबद्दल. तुमच्या पत्रात ते थोडे भित्रे, थोडे व्यवहारी असे दिसतात. मला तसं वाटत नाही. ज्याच्यावर संस्थेची जबाबदारी असते त्याला शाळेचं अनुदान दिसतं, जागेचे कागद दिसतात, प्रार्थनासभेच्या वेळी फाटकाशी थांबलेली चार अनोळखी पोरं दिसतात. ही भीती नागपूरला नवी नाही. १९५४ साली, नागपूर मध्य प्रदेशची राजधानी असताना, मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला सरकारनं समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी. १९५६ च्या अहवालानं मिशनच्या कामावर कडक ठपका ठेवला. पुढे १९६८ मध्ये मध्य प्रदेशात धर्मांतराबाबतचा कायदा आला, आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो वैध ठरवताना म्हटलं, की प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. महाराष्ट्रातही असल्या कायद्याची चर्चा उठते तेव्हा तुमच्या दिरांच्या वयाच्या माणसांना हे सगळं आठवत असणार. आणि एक बघा: ज्या वर्षी तो अहवाल आला, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नियोगींनी स्वतः बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतली. कोण कुठल्या बाजूचा हे आपण लवकर ठरवून मोकळे होतो, माणसं त्या खात्यात राहत नाहीत.

तर भीती खरी. पण तिच्यावरचा इलाज गट्टू नाही. प्रार्थनासभेच्या दारात उद्या खरंच गर्दी जमली, तर ज्या उमेदवाराला तुम्ही आवार दिलं तो फोन उचलेल याची खात्री काय? त्या वेळी काय कामाला येतं ते सांगते. धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचे कागद आणि जागेचे उतारे एका फायलीत तयार असणं. मोठ्या सभेची कल्पना आधीच ठाण्याला लेखी देऊन पोच घेतलेली असणं. ११२ ला कुणी फोन करायचा, तक्रार कुणी लिहायची, हे ठरलेलं असणं. एक वकील ओळखीचा असणं. गरज पडली तर राज्य अल्पसंख्याक आयोगाकडे अर्ज करता येतो हे माहीत असणं. आणि या सगळ्यांच्या वर, समोरच्या घरातल्या काकू पोलिसांना सांगू शकतील अशी स्थिती, की ही माणसं इथे दर रविवारी गाणी म्हणतात, जेवतात आणि घरी जातात, आम्ही बघतो ना रोज. तुमच्या चर्चच्या भिंतीला लागून राहणाऱ्या किती घरांनी तुमचं फाटक आतून पाहिलंय? नाताळचा केक घरोघरी पोचतो, हे ठाऊक आहे मला. केक बाहेर जातो, शेजारी आत येत नाहीत. वर्षातून एकदा तरी त्यांना आत बोलवा, उपदेश न करता.

मुलाबद्दल. त्याला संविधान चौकात जाऊ द्या. देशाचा नागरिक म्हणून, शांततेनं, परवानगी असलेल्या निदर्शनात उभं राहणं हा त्याचा हक्क आहे आणि बावीसाव्या वर्षी तसं वाटावं हेच बरं. फक्त मंडळीच्या नावाचा बॅनर त्याचा एकट्याचा नाही. तो मंडळीचा आहे, आणि मंडळीनं ठराव केल्याशिवाय तो घेऊन जाणं म्हणजे उमेदवारानं तुमचं आवार न विचारता वापरण्यासारखंच झालं. दुसरं त्याला विचारा: तू फक्त ख्रिस्ती माणसावर अन्याय झाला तरच जाणार का? वस्तीतल्या बौद्ध पोराला, मुसलमान फेरीवाल्याला, गावाकडच्या शेतकऱ्याला त्रास झाला तर? २०२३ पासून मणिपूरच्या बातम्या वाचून अशा वयाची पोरं पेटून उठली आहेत, ते समजतं. पण तिथे कुकी जमातीच्या चर्चबरोबर समोरच्या मैतेई समाजातल्या ख्रिस्तींची चर्चही जळाली. नुसत्या 'आपले' आणि 'त्यांचे' या हिशेबानं तिथलं दुःखही पुरतं कळत नाही.

मग मंडळीनं कधीच तोंड उघडू नये का? उघडावं. माझी रेघ अशी आहे: सत्तेवर कोणी बसावं यावर मंडळीनं बोलू नये, कुणाच्याही माणूसपणावर किंवा हक्कावर हात पडला तर मात्र बोलावं, मग तो माणूस मंडळीतला असो वा नसो, आणि हात टाकणारा कुठल्याही पक्षाचा असो. एखाद्या सफाई कामगाराचा गटारात उतरून जीव जातो तेव्हा ख्रिस्ती मंडळीचं निवेदन जिल्हाधिकाऱ्यांकडे जायला हवं. जातं का? आमच्या प्रार्थनासभेला हात लागला की तेवढा लोकशाहीचा आठव, हे मला थोडं लाजिरवाणं वाटतं. राजकारण फाटकाबाहेर ठेवू म्हणणारेही यातून सुटत नाहीत. शेजाऱ्यावर अन्याय होताना गप्प बसणं ही तटस्थता नसते, ज्याची काठी त्याला दिलेला तो कौल असतो.

एकमताबद्दल अजून थोडं, कारण दुखणं तिथेच आहे. तुमची मंडळी उत्तर भारतीय चर्चची, सीएनआयची, असं पत्रावरून दिसतं. हे चर्च जन्माला आलं ते तुमच्याच गावात, २९ नोव्हेंबर १९७० ला. सहा वेगवेगळ्या परंपरा एकत्र आल्या: अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मिळून झालेली मंडळी, बाप्टिस्ट, मेथडिस्टांचा एक भाग, ब्रदरन, डिसायपल्स. बोलणी सुरू झाली होती १९२९ मध्ये. चाळीस वर्षं ठराव, मसुदे, दुरुस्त्या, मतदान. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट तर अगदी शेवटी बाहेर राहिले आणि आजही वेगळे आहेत. सगळ्यांत अवघड गाठ होती बाप्तिस्म्याची. काहींच्या मते तान्ह्या बाळाला द्यावा, काहींच्या मते कळत्या वयात स्वतः कबुली दिल्यावरच. हा काही गट्टूंचा प्रश्न नव्हता, तारणाशी जोडलेली गोष्ट होती. त्यांनी काय केलं? एकानं दुसऱ्याला हरवलं नाही. दोन्ही रीती एकाच चर्चमध्ये मान्य केल्या, आजही आहेत. ज्यांना बाप्तिस्म्यावर मतभेद ठेवून एका ताटातलं प्रभुभोजन घेता आलं, त्यांच्या नातवंडांना एका नगरसेवकावरून बोलणं टाकावंसं वाटतं, याला काय म्हणायचं?

आता करायचं काय ते.

सगळ्यांत आधी ठराव. निवडणूक आत्ता होऊन गेली आहे, कुणी उमेदवार दारात नाही, हीच वेळ बरी. 'मंडळीच्या आवारात, उपासनेआधी, उपासनेत वा नंतर, कुठल्याही पक्षाच्या वा उमेदवाराच्या माणसाला प्रचारासाठी बोलू दिलं जाणार नाही, आणि निवडणुकीच्या काळात कुणाकडूनही बांधकाम वा देणगी घेतली जाणार नाही.' एवढी दोन वाक्यं पुरेत. दीर विचारतील, कशाच्या आधारावर? सांगा त्यांना, १९८८ चा धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा कायदा आहे. धर्मसंस्थेची जागा राजकीय कामाला वापरू देणाऱ्या व्यवस्थापकांनाच त्यात शिक्षेची तरतूद आहे, म्हणजे कमिटीला. निवडणुकीची आचारसंहिताही मंदिर, मशीद, चर्चमधून प्रचार करायला मनाई करते. आणि धर्माच्या नावानं मत मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचार ठरतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं, की यात मतदाराचा धर्मही आला. सत्तेशी वाकडं न घेता नाही म्हणायला याहून सभ्य कारण कुठलं? 'साहेब, आमची इच्छा आहे हो, पण कायदा आड येतो.' दिरांना हे वाक्य आवडेल, बघा. आणि हाच कायदा मुलालाही लागू आहे, निदर्शनाची तयारी-बैठक चर्चच्या हॉलमध्ये घेता येणार नाही.

उमेदवारांना ऐकायचंच असेल तर चर्चबाहेर ऐका. वस्तीच्या समाजभवनात, विहारातल्या बायकांना, मंदिरातल्या भजनी मंडळाला बरोबर घेऊन, सगळ्या उमेदवारांना एकाच संध्याकाळी बोलवा. प्रश्न आधी लेखी द्या: गडरलाइन, कचरागाडी, रस्त्यावरचे दिवे, शाळेतल्या मुलींची स्वच्छतागृहं. तिथे तुम्ही ख्रिस्ती म्हणून मूठभर नसता, मोहल्ला म्हणून दोन-तीन हजार असता. सगळे येणार नाहीत. जे येतील त्यांच्याबद्दलही तुम्हाला काहीतरी कळेल.

मध्यस्थीची प्रार्थना. ताई, रागावू नका, पण 'सुबुद्धी दे' ही आपल्याकडे प्रार्थना नसते, टोमणा असतो. ज्यांनी त्या नेत्यांना मत दिलं होतं त्यांना तो बरोबर लागला. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितलं आहे, त्यांच्यावर शेरा मारायला नाही. पदांची नावं घ्या: पंतप्रधान, मुख्यमंत्री, विरोधी पक्षनेते, आपले आमदार, आपले चारही नगरसेवक, न्यायाधीश, ठाण्यातले शिपाई, मतदारयाद्या घेऊन उन्हात फिरणाऱ्या शिक्षिका. त्या यादीत तुमच्या सहकारी असतील, कदाचित तुम्हीही. निवडणूक हरलेल्यांसाठीही एक ओळ ठेवा. आणि पुढच्या महिन्यात ही प्रार्थना उजवीकडच्या बाकांवरच्या कुणाला तरी द्या.

व्हॉट्सअॅपचं फार बोलत नाही. मंडळीचा ग्रुप फक्त सूचनांसाठी ठेवा, लिहिण्याची मुभा सेक्रेटरींपुरती.

आणि कमिटीचं स्वतःचं घर. देशातल्या संस्था कुणीतरी गिळल्या म्हणून आपण हळहळतो, आणि आपल्याच मंडळीत खजिनदार बदलायची वेळ आली की 'त्यांच्याइतकं कुणाला जमणार' म्हणून हात वर करतो. वार्षिक सभेला किती जण येतात? हिशेब बोर्डावर लागतो का? तरुणांना आणि उशिरा आलेल्या घरांना कमिटीत जागा मिळते, की चार जुन्या आडनावांतच ती फिरते? प्रेषितांची कृत्ये पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी ती दाबली नाही, मंडळीलाच म्हणाले, तुमच्यातून सात जण निवडा. आणि निवडलेल्या सातांची नावं वाचा, सगळी ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती कोठार दिलं. उरांव मुलींपैकी एकीला पुढच्या वेळी उभी करून बघा. लोकशाहीवर दहा प्रवचनं ऐकण्यापेक्षा ते जास्त कळेल.

दिरांच्या घरी तुम्हीच जा, मुलाला न घेता. निवडणुकीचा विषय काढू नका, त्यांना विचारा, तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते. वर सांगितलेल्या कागदांच्या फायलीचं काम त्यांच्याकडे द्या. ज्याला धोका सगळ्यांत आधी दिसतो तो ते काम चोख करतो. ते पूर्ण पटतील असं नाही. पुढच्या निवडणुकीत पुन्हा वेगळं मत देतील, आणि त्यांनी ते द्यावंही.

राजीनामा देऊ नका. तुम्हाला मंडळीनं निवडलंय, भांडण झालं म्हणून नव्हे तर मुदत संपल्यावर खुर्ची सोडायची असते. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो दोन वाक्यांचा ठराव घाला, सूचक म्हणून तुमचं नाव द्या, आणि अनुमोदक म्हणून दिरांना विचारा. ते नाही म्हणाले तर दुसरं कुणी बघा. ठराव पडला तर तो का पडला हे इतिवृत्तात नीट लिहून घ्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा मांडा.